सव्वातेरा आणि साडेचौदा

९ फेब्रुवारी

ऑरिन,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, म्हणजे एक तर तू म्हातारा झालास, नाहीतर चूल पेटवायला तुझ्याकडे कागद पुष्कळ आहे. काही असो, फोडलंच आहेस तर वाच.

सहा वर्षं आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. पण ऑगस्टच्या वणव्यात माझं घर गेलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू लायलच्या दुकानात फोन करून "आमची म्हातारी बहीण आहे की गेली?" असं विचारलंस, हे मला ठाऊक आहे. लायलच्या पोटात काही राहत नाही. मी शाळेची बस चालवायचे तेव्हा बसमध्येही राहायचं नाही. नदीकाठच्या तिसऱ्या वळणावर त्याच्यासाठी मी बादली ठेवायचे. आता चाळिशीचा झालाय, गावातलं बंदुकांचं दुकान चालवतो, आणि तू फोन केल्याचं सांगायला तो शाळेच्या जिममध्ये, जिथे आम्हा सगळ्यांना झोपवलं होतं, तिथे धावत आला. बातमी देताना त्याचा चेहरा असा होता की मला वाटलं, तूच गेलास.

तर मी आहे. नवं घर ट्रकवरून दोन तुकड्यांत आलं आणि त्याच जागेवर जोडून दिलं. खिडक्या बऱ्या आहेत. मागच्या डोंगरावर एकही हिरवं झाड नाही, त्यामुळे नदी आता ओट्यापाशी उभी राहून दिसते. क्लेटन असता तर म्हणाला असता, चला बायको, तुझी बघायची हौस तरी फिटली.

बंदुकांची तिजोरी उभीच्या उभी होती. आत सात सांगाडे एकमेकांना टेकून उभे होते. लाकूड म्हणून काही उरलं नव्हतं, आणि पोलादाचं पाणी उतरलेलं. त्यातून आता कोणी गोळी झाडू नये.

मला परत बंदुका घ्यायच्या आहेत. सात नाहीत, दोन पुरे. आणि आधी खाली बस, कारण या खेपेला दोन्ही कारखान्यात बनलेल्या. दुकानाच्या भिंतीवरून काढायची, घरी न्यायची. तुझ्या त्या डॅलसच्या गिऱ्हाइकांसारखं, दातांच्या डॉक्टरांसारखं, दोन-दोन वर्षं रांगेत उभं राहून, अक्रोडाच्या ओंडक्याचे फोटो बघत बसून नाही. एकेका माणसाचं माप घेऊन बंदुकीचा लाकडी दस्ता घडवणाऱ्याला हे वाचून काय वाटत असेल याची मला कल्पना आहे. म्हणूनच तर तुला लिहितेय.

तुझ्याकडून मला बंदूक नको, ऑरिन. शिव्या हव्यात. मी काय बघितलं, हातात काय घेतलं ते लिहीन, आणि तू मला मूर्ख म्हण. बाबा गेले, क्लेटन गेला, आता बंदुकांवरून मला मूर्ख म्हणणारं कोणी उरलेलं नाही. लोक फार गोड बोलतात. घर जळलेल्या बाईशी सगळे असे बोलतात, जणू तिला ताप आलाय.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या पहाटे मी मेडोवर, वरच्या कुरणात, आपल्या तंबूत असणार. तंबू शेजाऱ्यांच्या तबेल्यात होता म्हणून वाचला. एकटीने जायचं माझ्या जिवावर आलंय, हे खरं आहे. पण तू ये असं मी म्हणत नाहीये.

नदीन

१६ मार्च

ऑरिन,

पोस्टकार्ड मिळालं. पुढे तुझ्या कोडी गावच्या रोडिओतला उधळलेला घोडा, मागे पत्ता आणि एक शब्द, "सव्वातेरा". ना नाव, ना तारीख.

मला क्षणभर कळेना. मग कळलं. चापापासून खांद्यापर्यंत माझ्या दस्त्याची लांबी किती इंच असावी, ते माप. माझं मला माहीत नव्हतं. तुझ्या डोक्यात ते इतकी वर्षं होतं. एवढं प्रेमपत्र मला क्लेटननेसुद्धा लिहिलं नाही.

तुझं कार्ड खिशात घालून दुकानात गेले. लायलने तीन रायफली काढून काउंटरवर निजवल्या. तिन्हींचे बोल्ट उघडे, आत रिकामं दिसतंय असे. ते मात्र तो न चुकता करतो.

"नदीनबाई, ही आपल्या देशातली, न्यू हॅम्पशायरची. ही जपानची. आणि ही फिनलंडची. तिन्ही चांगल्या. तुम्हाला कुठला रंग आवडतो?"

"रंग? मी पडदे घ्यायला आलेय का रे?"

"तसं नाही, आता करड्या, हिरव्या, वाळूच्या रंगाच्या सगळ्या मिळतात."

"लाकडाची दाखव."

"लाकडाची मागवावी लागेल. लोक प्लास्टिकच नेतात. पाऊस लागला, बर्फ लागलं, आपटली, घासली, काही होत नाही. तुमच्या भावाला कळलं मी तुम्हाला ही दाखवली, तर तो इथे येऊन मला गोळी घालेल."

"येऊ दे की. त्या निमित्ताने तरी येईल," मी म्हणाले. हे लिहायला नको होतं, पण मी शाईने लिहिते आणि खोडलेलं मला आवडत नाही.

मग मी बाबांची पद्धत केली. आठवते ना? दर शरदात स्वयंपाकघराच्या दारात आपल्याला उभं करायचे, त्यांच्या रिकाम्या विंचेस्टर रायफलचा दस्ता आपल्या कोपराच्या खोबणीत टेकवायचे आणि म्हणायचे, बोट पुढे कर. बोट चापापर्यंत पोचलं की ती बंदूक तुमच्या मापाची. तुझ्या चौदाव्या वर्षी ते म्हणाले, "पोचलं." मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी, लग्न होईपर्यंत दरवर्षी दारात उभी राहिले, आणि दरवर्षी तेच, "अजून नाही, नदीन." बाबांचे हात फळ्यांसारखे लांब, कारखान्याचा दस्तासुद्धा त्यांना तोकडा पडायचा. वर रबराची टोपी चढवून, काळ्या टेपने गुंडाळून त्यांनी तो साडेचौदा इंच केला होता. मग माझं बोट कुठून पोचणार?

लायलच्या काउंटरसमोर मी तिन्ही बंदुका कोपरात टेकवून पाहिल्या. जपानची पक्की आहे, पण ती खांद्यावर टाकून डोंगर चढण्याचं माझं वय गेलं. न्यू हॅम्पशायरची मला आवडली, आपल्या जुन्या ट्रकसारखी, काय कुठे आहे ते न बघता कळतं. फिनलंडच्या बंदुकीचा बोल्ट मात्र असा सरकतो की मी तो सातआठदा पुढेमागे केला आणि लायल हसायला लागला. तिच्या दस्त्याच्या टोकाला चकत्या असतात, काढल्या-घातल्या की लांबी कमी-जास्त होते. तुझं दोन दिवसांचं काम तिथे एका स्क्रूड्रायव्हरने होतं. आता दे शिव्या.

नदीन

२० एप्रिल

ऑरिन,

अख्खं एक पान लिहिलंस! शिव्या उत्तम आहेत. "खतांच्या पिशवीला चाप लावून विकतात" हे मी लायलला वाचून दाखवलं, त्याने ते काउंटरमागे चिकटवलंय.

पण शेवटच्या चार ओळींत तू शिव्या दिल्या नाहीस. लिहिलंस की लाकूड निवडून ठेवलंय, माझं माप तुझ्याकडे आहेच, ऑक्टोबरच्या आत करून देतो.

नको.

रागावू नकोस, कारण सांगते. दुकानातली बंदूक जळली तर दुसरी मिळते. तुझी जळली तर मिळत नाही, आणि ते मी एकदा पाहिलंय. फेब्रुवारीत तुला लिहिलं की तिजोरीत सात होत्या, त्या कुठल्या ते लिहिलं नाही. सातवी बाबांची होती. तू नवा दस्ता चढवलेली.

त्या नाताळाबद्दल आपण कधी बोललो नाही, म्हणून एकदा माझ्या बाजूने सांगते. आईने जाताना बाबांची विंचेस्टर मला दिली. तू "दुर्बीण नीट बसवून देतो" म्हणून ती कोडीला नेलीस. नाताळच्या दुपारी मी बटाट्याच्या पोळ्या, लेफ्सा, लाटत होते, हात कोपरापर्यंत पिठात. तू आलास, घोंगडीतून ती काढलीस, बोल्ट उघडलास आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलीस. असं लाकूड मी जन्मात पाहिलं नव्हतं. मधासारखं, आत काळ्या रेघा. आणि मी विचारलं, "ही कोणाची?"

तू हसलास. "कोणाची काय, बाबांची."

"बाबांचा दस्ता कुठाय?"

"ते फळकूट? चुलीत घातलं."

"मग बाबांनाच घातलंस चुलीत."

मी असं म्हणाले आणि तू गाडीत जाऊन बसलास. क्लेटन गेल्यानंतरचा तो माझा पहिला नाताळ होता. लेफ्सा तव्यावर करपली. हे सगळं तुला माहीत आहे.

माहीत नाही ते असं. दोन वर्षं मी त्या बंदुकीला हात लावला नाही. तिसऱ्या हंगामात माझ्या बंदुकीच्या दुर्बिणीत बाष्प धरलं, म्हणून नाइलाजाने तुझी घेतली. वर चढताना तुला वाटभर शिव्या घालत होते. मग खालच्या ओढ्याशी एल्कची एक मादी आली, मी बंदूक खांद्याला लावली, आणि गाल जिथे टेकायला हवा तिथे टेकला, डोळा काचेच्या बरोबर मध्ये. मान वाकडी करावी लागली नाही, खांदा पुढे ओढावा लागला नाही. बाबांची बंदूक तू माझ्या मापाने कापली होतीस. मला वाटत होतं तू ती डॉक्टरांना दाखवायला सजवलीस.

त्यानंतरचे दोन्ही हंगाम मी तीच नेली. दरवेळी वाटायचं, घरी जाऊन ऑरिनला फोन करावा. दरवेळी घरी आल्यावर मांस कापायचं काम निघायचं.

आता ती नाही. तिच्या जागी तू दुसरी करून दिलीस तर मी ती भिंतीवर लावेन आणि वणव्याचा धूर दिसला की आधी तिच्याकडे धावेन. तेवढ्यासाठी कोणी भाजून मरू नये. म्हणून मला साधी हवी.

नदीन

१ जून

ऑरिन,

सहा आठवडे झाले, तुझं काही नाही. राग आलाय, समजलं. बंदूक घडवणाऱ्याला "नको" म्हणणं आणि आपल्या आईला "तुझी रुबार्बची पेस्ट्री खाऊन पोट बिघडतं" म्हणणं सारखंच. पेस्ट्रीवरून आठवलं, मार्गारेट मावशीचा रुबार्बचा वाफा वाचला. चारी बाजूंनी कोळसा आणि मध्ये हा रुबार्ब, ताठ.

फिनलंडची घेतली. करडी. चकत्या काढघाल करून बरोबर सव्वातेरा केली, लायलने टेप लावून मोजलं. शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका अंड्याखाली झाकतील अशा बसल्या. तुझ्या दस्त्यासारखी ती गालाला ओळखत नाही, पण तिची काही तक्रार नाही आणि माझीही नाही. कामाला एक झाली.

दुसरीचं मात्र जमत नाहीये. दुसरी मला शिकारीसाठी नकोच आहे, हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय. ती मला दाराशेजारी हवीय, जिथे बाबांची असायची. मागच्या शनिवारी लायलकडे कोणीतरी जुनी विंचेस्टर विकायला आणली. तीच बनावट, तेच वय. मी हातात घेतली आणि अंगठा आपोआप दस्त्याच्या उजव्या बाजूला गेला. तिथे काही नव्हतं. म्हणजे ओरखडे होते, पण दुसऱ्याच कोणाचे.

बाबांचा तो ओरखडा आठवतो तुला? मुठीच्या मागे, बोटभर लांब, खोल. तारेचं कुंपण ओलांडताना बंदूक हातून निसटली होती म्हणायचे. शाळेत असताना ट्रकमध्ये बंदूक माझ्या गुडघ्यांपाशी असायची आणि घरी येईपर्यंत मी अंगठा त्या खाचेत ठेवायचे. झोप लागली तरी तिथेच असायचा. त्या नाताळला तुझ्या सुंदर लाकडावर मी काय शोधत होते, ते हे. तेव्हा सांगता आलं नाही.

ती विंचेस्टर मी परत काउंटरवर ठेवली.

नदीन

१४ जुलै

ऑरिन,

फोनवर मी नीट बोलले नाही, म्हणून लिहिते.

टपालवाली लांबट खोकं घेऊन आली तेव्हा मला वाटलं, झालं, हट्टाने केलीच याने नवी बंदूक. चिडूनच उघडलं. वर्तमानपत्रं काढली, काढली, आणि आधी हाताला रबर लागलं. दगडासारखं कडक झालेलं. मग काळी टेप.

ओट्याच्या पायरीवर बसून मी पोटभर रडले, ऑरिन. घर जळलं तेव्हा नव्हते रडले. तेव्हा लोक बघत होते. अंगठा खाचेत घातला आणि रडले, आणि शेजाऱ्यांचा कुत्रा येऊन शेजारी बसला.

मग तुला फोन लावला. आपण काय बोललो ते मी इथे लिहून ठेवते, कारण तू उद्या म्हणशील असं बोललोच नाही.

मी म्हणाले, "तू तर चुलीत घातला होतास."

"घालायला नेला होता."

"मग?"

"चूल विझली होती."

"सहा वर्षं?"

 मागे तुझा रेडिओ चालू होता, हवामान सांगत होते.  मग म्हणालास, "तो ओरखडा बाबांचा नाही. माझा आहे."

तू नऊ वर्षांचा होतास. मेडोच्या कुंपणाशी बाबांनी पहिल्यांदा तुझ्या हातात विंचेस्टर दिली. नियम तुला पाठ होता, बोल्ट उघड, बंदूक आडवी ठेव, मग कुंपणातून जा. तू ती तारेला टेकवून उभी केलीस. ती घसरली. बाबांनी उचलली, हाताने पुसली, आणि घरी येऊन आईला सांगितलं, माझ्या हातून निसटली. आईला तेच, मला तेच, गावाला तेच. तुला ते त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

"बोलले असते तर बरं झालं असतं," तू म्हणालास. "जेवायला बसलो की समोर भिंतीवर ती. बाबा गेले तरी ती. मला तो ओरखडा घालवायचा होता, नदीन. त्यांच्यासाठी ती एकदा धड करायची होती."

तू हे सांगितलंस आणि मी म्हणाले, "जेवलास का?"  जे म्हणायचं होतं ते आता म्हणते.

मला तो ओरखडा जगातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा प्रिय होता, आणि तो तुझा निघाला याचा मला आनंद आहे. बाबांना त्याची लाज वाटली असती तर त्यांनी एका दुपारी घासून, तेल लावून तो बुजवला असता. त्यांनी त्याच घरात खुर्च्या दुरुस्त केल्या, दारं बदलली, त्याला मात्र हात लावला नाही. दुसरं, मी त्या नाताळला ज्यावरून तुला तोडून बोलले, ते तू केलं नसतंस तर हा दस्ता तिजोरीत असता. तू काढून नेलास म्हणून राहिला. सात बंदुकांतलं एवढंच लाकूड या जगात आहे, आणि ते तू ठेवलंस.

आता माझ्याकडे दस्ता आहे आणि बंदूक नाही. म्हणजे दुसरी कुठली घ्यायची, ते ठरलं.

नदीन

७ सप्टेंबर

ऑरिन,

हसून घे आधी. लायलने तुला फोन करून सगळं सांगितलंच असणार.

लायलकडची ती जुनी केव्हाच विकली गेली, मग मिझूलाच्या बंदुकांच्या बाजारात मी विंचेस्टर पाहिली, तेच मॉडेल, तोच आकडा नळीवर कोरलेला, आणि इतकी हरखले की घेऊनच आले. काकडीसारखी ताजी, झळाळती. घरी आणून स्क्रू काढले, बाबांचा दस्ता घेतला, आणि लोखंड काही त्यात बसेना. इकडून बसवलं की तिकडून वर येतं. मी घोडं दामटत होते तेवढ्यात तुझा फोन आला.

"काय घेतलंस?"

"विंचेस्टर. तीच."

"चौसष्ट सालाच्या आधीची की नंतरची?"

"तीच रे!"

"नळीच्या खाली, पुढच्या बाजूला जादा स्क्रू आहे का?"

"नाही."

"मग ती तीच नाही. चौसष्ट साली सगळी बनावट बदलली हे या खोऱ्यातली शेंबडी पोरं सांगतात, आणि तू चौसष्ट वर्षांची होऊन..."

शिव्या हव्या होत्या, मिळाल्या. ती बंदूक लायलच्या मेव्हण्याने आनंदाने घेतली.

खरी मिळाली ती अशी. व्हिक्टर गावाच्या पुढे एक जुनं गुरांचं रँच विकलं जात होतं. कोठारात, घोड्यांच्या खोगिरांमागे एक विंचेस्टर पडलेली. दस्ता हिरव्या तेलरंगाने रंगवलेला, ट्रॅक्टरवाला हिरवा, आणि मागचं टोक कोणीतरी करवतीने उडवलेलं. लायल मला बाजूला घेऊन म्हणाला, "नदीनबाई, संग्रहवाले हिला बघून नाक मुरडून गेलेत. पण लोखंड बघा. नळी आतून आरशासारखी आहे. पुढचा स्क्रूही आहे."

घराच्या मालकीणबाई ओट्यावर बसून हकलबेरीची फळं निवडत होत्या. मी विचारलं, हा दस्ता कोणी कापला? म्हणाल्या, "आमच्या यजमानांनी. थोरला सात वर्षांचा होता, त्याच्या हाताला पोचेना. रंग थोरल्याने दिला." आणि मग, "वाया गेली ना बंदूक?"

"कुठे वाया?" मी म्हणाले. तो हिरवा तुकडा मी त्यांना काढून परत देणार आहे.

घरी येऊन टेबलावर जुना टॉवेल पसरला. स्क्रू काढले, हिरवं लाकूड बाजूला ठेवलं, त्या अनोळखी बंदुकीचं लोखंड बाबांच्या दस्त्यात ठेवलं, आणि ते फडताळातल्या खणासारखं आत गेलं. ठोकावं लागलं नाही, घासावं लागलं नाही. पुढचा स्क्रूसुद्धा पहिल्या फेऱ्यात धरला. तू म्हणतोस, साच्यातल्या वस्तूला जीव नसतो. असेल. पण एकाच कारखान्यातून निघालेले हे दोन तुकडे, एक बाबांनी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणला, एक व्हिक्टरच्या त्या माणसाने कुठून तरी, आणि त्यांना एकमेकांत बसायला कोणाची ओळख लागली नाही. तुझ्या डॉक्टरांच्या बंदुकांचं असं होईल का, सांग. मी भांडत नाहीये, नुसतं विचारतेय.

एल्क आता ओरडायला लागलेत. जळक्या डोंगरावर पहिलं गवत आलंय, ते खायला पहाटे खाली येतात. मी कॉफी घेऊन ओट्यावर बसते आणि ऐकते.

नदीन

१२ ऑक्टोबर

ऑरिन,

तंबू वर नेऊन लावला. लायल आणि त्याची बायको आली होती मदतीला. लायल तिसऱ्या वळणावर गप्प झाला, मी गाडी थांबवली, पुढचं तुला माहीत आहे. चुलीचं धुराडं नीट ओढतंय. खाटा दोन टाकल्यात. एकीवर सामान ठेवता येतं.

कुंपण तसंच आहे. तिथे आग पोचली नाही. तू सांगितलेली जागा मी शोधली, पण खांब सगळे सारखेच दिसतात. कुठला तो तुलाच माहीत.

माझी करडी तयार आहे, कुंपण ओलांडताना आपटली तरी तिच्यावर चरा पडणार नाही. दुसरीही नेम लावून आणली. नेम लायलने लावला. त्यालाही ती लांब पडते, पण माझ्याहून बरा. गोळ्या जिथे हव्यात तिथे जातात.

तू मागच्या आठवड्यात फोनवर विचारलंस, दोन-दोन कशाला नेतेस वर? मी म्हणाले, बघू. आणि तू म्हणालास, कोडीला काम फार आहे, डॉक्टर लोक मागे लागलेत. मी म्हणाले, बरं. आपण दोघं अगदी शहाण्यासारखे बोललो.

आज सकाळी ती दाराशेजारून घेतली. रबर तसंच ठेवलंय, टेपही बदलली नाही. बोल्ट उघडला, आत रिकामं आहे हे बोट घालून पाहिलं. मग नव्या घराच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवला आणि बोट पुढे केलं.

अजून नाही, ऑरिन. चौसष्टाव्या वर्षीसुद्धा नाही. चाप चांगला दोन बोटं पुढे राहतो.

म्हणून ती मी वर नेऊन सामानाच्या खाटेवर आडवी ठेवणार आहे, बोल्ट उघडा, दस्ता दाराकडे. ती साडेचौदाची आहे, आणि बाबांचे हात आता एकाच माणसाकडे आहेत. हंगामाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, अंधार पडायच्या आत ये.

नदीन